शेजारी बांधकामाचा अर्ज आला की: इंग्लंडच्या पॅरिश काउन्सिलपुढे आपलं म्हणणं कसं मांडायचं

इंग्लंडच्या गावांत आणि उपनगरांत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. रस्त्यावरच्या खांबाला नोटीस लागते किंवा काउन्सिलचं पत्र दारात येऊन पडतं. शेजारी दुमजली वाढीव बांधकाम करणार असतात, नाहीतर मागच्या शेतात तीसेक घरं येणार असतात. मग काही जण ‘आपण बाहेरचे, आपल्याला कोण विचारतंय’ म्हणून गप्प बसतात आणि काही जण संतापून चार पानी पत्र लिहितात. दोन्हींतून फारसं काही निघत नाही. पॅरिश काउन्सिल म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यांत खालच्या पायरीची, गावपातळीवरची निवडून आलेली परिषद. माझ्या गावच्या पॅरिश काउन्सिलच्या प्लॅनिंग समितीवर काम करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. वेळेत आलेली, मुद्द्याला धरून लिहिलेली अर्ध्या पानाची हरकत चार पानी पत्रापेक्षा कितीतरी जास्त काम करते. ती कशी द्यायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक शंका आधीच दूर करते. प्लॅनिंग अर्जावर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या अर्जावर, मत द्यायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, मतदार असावं लागत नाही, घर मालकीचं असण्याचीही अट नाही. भाडेकरूची हरकत तितकीच ग्राह्य असते.

आपल्याकडे पॅरिश काउन्सिल आहे का?

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं, बिल काढा. काउंटी, पोलीस, डिस्ट्रिक्ट अशा ओळींखाली तुमच्या पॅरिशच्या किंवा टाउन काउन्सिलच्या नावाची, बहुधा सगळ्यांत लहान रकमेची ओळ असेल, तर आहे. त्या रकमेला प्रीसेप्ट म्हणतात.

१८९४च्या कायद्याने या काउन्सिलांना चर्चपासून वेगळं करून निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती दिलं. आज इंग्लंडभर त्या सुमारे दहा हजार आहेत. टाउन काउन्सिल हा त्यांचाच प्रकार, अधिकार तेच. पण सगळीकडे त्या नाहीत. खुद्द रेडिंग शहरात पॅरिश नाही, पण लागून असलेल्या अर्ली आणि वुडलीमध्ये टाउन काउन्सिल आहे. मिल्टन कीन्स पूर्ण पॅरिशांमध्ये विभागलेलं आहे. लंडनमध्ये २०१४ साली क्वीन्स पार्कला एक स्थापन झाली, बाकी लंडनकरांना थेट आपल्या बरोच्या (लंडनच्या विभागाच्या) काउन्सिलकडेच जावं लागतं. वेल्समध्ये याच पायरीवर कम्युनिटी काउन्सिल असतात, तिथले नियम थोडे वेगळे. इथे मी इंग्लंडपुरतंच लिहिते आहे.

निर्णय कोणाचा?

पॅरिश काउन्सिल बांधकामाला परवानगी देत नाही आणि नाकारतही नाही. हे न कळल्यामुळे निम्मी भांडणं होतात. निर्णय घेतं ते स्थानिक नियोजन प्राधिकरण, म्हणजे पॅरिशच्या वरची तुमची डिस्ट्रिक्ट काउन्सिल किंवा काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्हींची कामं करणारी युनिटरी काउन्सिल, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असाल तर त्या उद्यानाचं प्राधिकरण. अर्ज आल्याची सूचना पॅरिशला मिळते, मत कळवायला २१ दिवस मिळतात, आणि आलेलं मत प्राधिकरणाला विचारात घ्यावंच लागतं.

छोट्या अर्जांचा निकाल ८ आठवड्यांत आणि मोठ्यांचा १३ आठवड्यांत लागावा अशी मुदत आहे. दहा किंवा जास्त घरांचा अर्ज मोठा धरतात. बहुतेक अर्जांचा निकाल केस ऑफिसर, म्हणजे अर्ज तपासणारा प्राधिकरणाचा अधिकारीच, आपल्या अधिकारात लावून टाकतो, काही मोजकेच नगरसेवकांच्या समितीपुढे जातात. कुठले जावेत हे त्या काउन्सिलच्या अधिकारवाटपाच्या नियमांत असतं. काही ठिकाणी पॅरिशची हरकत आणि ऑफिसरचं मत जुळलं नाही की अर्ज समितीकडे जातो, काही ठिकाणी वॉर्ड काउन्सिलरने (डिस्ट्रिक्टवरच्या तुमच्या भागाच्या नगरसेवकाने) लेखी मागणी करावी लागते. हा नियम आपल्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर शोधून आधीच वाचून ठेवा, पुढे तो लागतोच.

मग पॅरिशकडे जायचं कशाला? कारण ऑफिसर साइटला एकदा येऊन जातो, तेही बहुधा कोरड्या दिवशी आणि दुपारी. ओढा कुठे भरतो, शाळा सुटल्यावर गल्लीत गाड्या कशा अडकतात, हे गावातल्या लोकांना ठाऊक असतं. पॅरिशच्या सभेत ही माहिती ठरावात येते आणि फाइलवर कायमची नोंदली जाते.

आधी तारखा जुळवा

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते इथे. नोटीस दिसली की त्याच दिवशी तीन गोष्टी लिहून काढा: अर्जाचा क्रमांक, हरकतींची शेवटची तारीख आणि पॅरिशच्या पुढच्या सभेची तारीख. तुमच्यासाठीची मुदत साधारण २१ दिवसांची असते, पण ती नोटीस लागली किंवा पत्र निघालं त्या दिवसापासून धावते. पॅरिशला सूचना वेगळ्या दिवशी मिळालेली असू शकते. त्यामुळे दोन्ही तारखा एकच आहेत असं धरू नका.

लहान पॅरिशची सभा महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून एकदा असते. २१ दिवसांत सभाच येत नसेल तर क्लार्कला लगेच मेल करा. क्लार्क हा काउन्सिलचा पगारी अधिकारी. लहान गावात बहुधा एकच, तोही अर्धवेळ. तो केस ऑफिसरकडे मुदतवाढ मागू शकतो आणि वेळेत विचारलं तर ती बऱ्याचदा मिळते. अध्यक्ष विशेष सभा बोलावू शकतात, दोन सदस्य मिळूनही तशी मागणी करू शकतात. काही काउन्सिलांनी मत कळवण्याचा अधिकार समितीला किंवा क्लार्कला दिलेला असतो, तेही कायदेशीर आहे. एकट्या सदस्याला मात्र असा अधिकार देता येत नाही. म्हणून एखाद्या काउन्सिलरने फाटकापाशी उभं राहून ‘आमची हरकत आहे, काळजी करू नका’ असं सांगितलं तर तेवढ्यावर विसंबू नका.

सभेची नोटीस आणि विषयपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी लागायला हवी. नोटिशीचा दिवस, सभेचा दिवस, रविवार आणि बँक हॉलिडे त्यात मोजत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी सभा असेल तर विषयपत्रिका आधीच्या गुरुवारपर्यंत फलकावर हवी. जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर काउन्सिलला ठराव करता येत नाही. म्हणून अर्जाचा क्रमांक पत्रिकेत आला आहे ना, हे ती निघायच्या आधीच क्लार्कला विचारा. सभेच्या दिवशी विचारून काहीच उपयोग नसतो.

फाइल उघडा, नकाशा नीट बघा

अर्जाची सगळी कागदपत्रं डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंग पोर्टलवर खुली असतात. सुरुवात लोकेशन प्लॅनपासून करा, बहुधा १:१२५० प्रमाणातला. त्यावर लाल रेघेने आखलेली जागा म्हणजे अर्जाची जागा. निळ्या रेघेतली जमीनही अर्जदाराचीच असते, पण या अर्जात नसते. शेताच्या कोपऱ्यात दहा घरांसाठी लाल रेघ आणि उरलेल्या सगळ्या शेताभोवती निळी रेघ दिसली, तर पुढे काय येऊ शकतं याचा अंदाज येतो. लाल रेघ सार्वजनिक रस्त्यापर्यंत पोहोचते का तेही बघा. नसेल पोहोचत, तर वाट कुठून येणार हा रास्त प्रश्न आहे.

मग ‘आहे’ आणि ‘प्रस्तावित’ अशी दोन उभी दृश्यं (घर समोरून आणि बाजूने कसं दिसतं याचे नकाशे) शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या बाजूच्या भिंतीत नवी खिडकी आहे का? असली तर ती न्हाणीघराची की बेडरूमची? छपराची उंची किती वाढली? प्रमाणपट्टी पाहून मोजा. ‘खूप उंच’ म्हणण्यापेक्षा ‘सध्यापेक्षा १.८ मीटर उंच’ म्हटलेलं ऑफिसरच्या अहवालात जसंच्या तसं उतरतं.

वाढीव बांधकामाच्या बाबतीत एक पायरी याच्याही आधीची आहे. परवानगीची गरजच आहे का? मागच्या बाजूला एक मजल्याचं बांधकाम स्वतंत्र घराला ४ मीटरपर्यंत आणि जोडघराला ३ मीटरपर्यंत, उंचीबिंचीच्या अटी पाळून, अर्जाशिवाय करता येतं. ८ आणि ६ मीटरपर्यंत जायचं तर शेजाऱ्यांना कळवण्याची वेगळी पद्धत आहे. तिथे लागून असलेल्या घराने २१ दिवसांत हरकत घेतली तरच काउन्सिल परिणाम तपासते. अशी प्रकरणं पॅरिशपुढे बहुधा येतच नाहीत, म्हणून ते पत्र आलं तर बाजूला ठेवून देऊ नका.

कारण कुठलं चालतं, कुठलं नाही

या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. निकाल स्थानिक विकास आराखड्याला धरून द्यायचा, आणि वेगळं काही करायचं तर त्याला नियोजनाशी संबंधित भक्कम कारण हवं, असं कायदा सांगतो. तुमच्या घराची किंमत पडेल, हे कारण नाही. दूरवरचं सुंदर दृश्य जाईल, हेही नाही. हद्दीचा वाद, सामाईक भिंत, खरेदीखतातल्या अटी, बांधकामाच्या काळातला धुरळा, अर्जदाराचा स्वभाव, त्याने मागे काय केलं होतं, यातलं काहीच मोजलं जात नाही. लोक नेमकं याच गोष्टींवर पानं भरतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्याच पत्रात एखादा खरा मुद्दा दडलेला असतो आणि तो दोन शब्दांत उरकलेला असतो.

चालतात ती कारणं अशी: घरात आणि बागेत डोकावलं जाणं, उजेड अडणं, बांधकाम अंगावर आल्यासारखं होणं, रस्त्यावरची सुरक्षितता, पार्किंग, आवाज, पूर, झाडं, वारसा इमारती, आजूबाजूच्या घरांशी न जुळणारी रचना. यातल्या प्रत्येकाला मोजमाप देता येतं. मागच्या खिडक्या समोरासमोर येत असतील तर अनेक काउन्सिलांच्या मार्गदर्शिकांत २१ मीटर अंतर अपेक्षित असतं. उजेडासाठी पुष्कळ ठिकाणी ४५ अंशांचा ठोकताळा वापरतात. तुमच्या जवळच्या खिडकीच्या मध्यापासून नकाशावर ४५ अंशांत रेघ ओढायची आणि नवं बांधकाम ती ओलांडतं का ते बघायचं.

रस्त्याचं उदाहरण जरा खोलात जाऊन सांगते, कारण गावातली बहुतेक भांडणं रस्त्यावरूनच होतात. ‘रहदारी वाढेल’ एवढ्यावर काउंटीचा रस्ते विभाग हलत नाही. सुरक्षिततेला अस्वीकारार्ह धोका असेल किंवा रस्त्यांवरचा एकूण परिणाम गंभीर असेल, तरच रस्त्याच्या कारणावरून अर्ज नाकारावा, असं राष्ट्रीय धोरण म्हणतं. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर नवं फाटक काढायचं तर ड्रायव्हरला रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत बसून दोन्ही बाजूंना साधारण ४३ मीटर दिसायला हवं. टेप घेऊन जा. त्या जागी उभे राहा. शेजाऱ्याचं कुंपण किंवा वळण आड येत असेल तर फोटो काढा आणि अंतर लिहा. पॅरिशच्या ठरावात ‘डावीकडे फक्त २५ मीटर दिसतं, फोटो जोडला आहे’ असं वाक्य आलं की रस्ते विभागाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पुराचंही असंच. पाणी साचल्याचे तारखेसह फोटो असतील तर ते कुठल्याही विशेषणापेक्षा मोलाचे.

आणि नुसतं ‘नको’ म्हणून थांबू नका, तोडगाही सुचवा. न्हाणीघराच्या खिडकीचा त्रास असेल तर काच धूसर असावी आणि खोलीच्या फरशीपासून १.७ मीटरच्या खाली खिडकी उघडता येऊ नये, अशी अट मागा. ऑफिसर ही अट नेहमी घालतात. अर्ज मंजूर झाला तरी तुमचा खाजगीपणा शाबूत राहतो, शेजाऱ्याशी वैरही येत नाही.

हरकत दोन जागी पाठवा. पोर्टलवर थेट डिस्ट्रिक्टकडे, आणि तीच प्रत क्लार्ककडे. फक्त पॅरिशला कळवलं तर तुमची स्वतःची हरकत नोंदली जात नाही. पोर्टलवर तुमचं नाव आणि पत्ता सगळ्यांना दिसतो हे लक्षात ठेवून लिहा. एकाच मजकुराची पन्नास पत्रं गोळा करण्यात शक्ती घालवू नका. हरकतींच्या संख्येवर निकाल लागत नाही, त्यातल्या मुद्द्यांवर लागतो.

सभेची संध्याकाळ

पॅरिशची सभा गावच्या हॉलमध्ये, बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास असते. १९६०च्या कायद्याने तिथे बसून ऐकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि २०१४च्या नियमांनी चित्रीकरणाचाही दिला आहे. बोलण्याचा हक्क मात्र कायद्यात नाही. तो काउन्सिल आपल्या नियमांनुसार देते. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला लोकांसाठी साधारण १५ मिनिटं राखलेली असतात आणि प्रत्येकाला तीनेक मिनिटं मिळतात. ती वेळ संपली की पुढच्या चर्चेत मध्ये बोलता येत नाही, कितीही चुकीचं ऐकू आलं तरी. आपल्याकडच्या ग्रामसभेची सवय असलेल्याला हे जड जातं. ग्रामसभा मतदारांची असते, ही सभा काउन्सिलची असते. लोक तिथे साक्षीला असतात.

तीन मिनिटांत दोनच मुद्दे मांडा, फार तर तीन. आधी तुम्ही कुठल्या घरात राहता आणि ते अर्जाच्या जागेपासून कुठे आहे ते सांगा. मग मुद्दा, मोजमाप, आणि शेवटी ‘काउन्सिलने हरकत घ्यावी’ किंवा ‘ही अट मागावी’ अशी स्पष्ट मागणी. पत्र आधीच सदस्यांना गेलं असेल तर ते वाचून दाखवू नका. शेजारच्या दोन घरांचं म्हणणं तेच असेल तर मुद्दे वाटून घ्या. इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून वाचा. सगळेच तसं करतात आणि कुणी वावगं मानत नाही.

सभेत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. ज्या सदस्याचा त्या जमिनीत किंवा व्यवहारात आर्थिक हितसंबंध आहे त्याने तो जाहीर करायला हवा आणि त्या विषयात भाग घ्यायचा नाही. २०११च्या लोकलिझम कायद्यानुसार जाणूनबुजून हे न पाळणं गुन्हा आहे, आणि हितसंबंधांची नोंदवही लोकांना पाहता येते. दुसरं, गणपूर्ती. एक तृतीयांश सदस्य हवेत, पण तीनपेक्षा कमी चालत नाहीत. मतदान हात वर करून होतं, समसमान झालं तर अध्यक्षांचं निर्णायक मत. ठरावाचे शब्द नीट ऐका. ‘हरकत’ एवढंच म्हटलं गेलं आणि कारणं आली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी क्लार्कला नम्रपणे विचारा की डिस्ट्रिक्टला काय कळवलं. कारणांशिवाय आलेल्या हरकतीने ऑफिसरचं काम सोपं होतं, तुमचं नाही.

२०२१च्या फेब्रुवारीत चेशरमधल्या हँडफर्थ पॅरिश काउन्सिलच्या झूम सभांचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि पुष्कळांच्या मनात पॅरिश म्हणजे आरडाओरडा असं चित्र बसलं. प्रत्यक्षात बहुतेक सभा शांत असतात. विनामोबदला काम करणारी सात-आठ माणसं टेबलाभोवती बसून नकाशे उलगडत असतात. करोनाकाळातली ऑनलाइन सभांची ती सवलतही ७ मे २०२१ला संपली.

ठरावानंतर

अर्ज समितीकडे जावा असं वाटत असेल तर वॉर्ड काउन्सिलरला मुदतीच्या आत लिहा. समितीपुढे बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं आणि पॅरिशच्या प्रतिनिधीला बहुधा वेगळी वेळ मिळते. आपले मुद्दे त्यांच्या भाषणात आहेत का, हे आधीच जुळवून घ्या. अर्जदाराने नकाशे बदलले तर जुन्या हरकतीवर थांबू नका, नवे नकाशे पाहून पुन्हा लिहा.

अर्ज नाकारला तर अर्जदाराला प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी अपील यंत्रणेकडे अपील करता येतं. मंजूर झाला तर शेजाऱ्याला अपील नाही. ही व्यवस्थेतली मोठी विषमता आहे असं मला मनापासून वाटतं. उरतो तो न्यायालयीन फेरतपासणीचा मार्ग, सहा आठवड्यांच्या मुदतीचा, खर्चिक, आणि तोही फक्त कायदेशीर चूक असेल तर. म्हणूनच सगळा जोर निकालाच्या आधी लावायचा. मंजुरीच्या पत्रातल्या अटी मात्र जपून ठेवा. त्या मोडल्या तर तक्रार डिस्ट्रिक्टच्या अंमलबजावणी विभागाकडे करायची, पॅरिशकडे तो अधिकार नाही.

मोठा गृहप्रकल्प असेल तर

इथे वेळेचं गणित आणखी कडक होतं. बिल्डर बहुधा आधी आउटलाइन अर्ज करतो. तो मंजूर झाला की या जागी घरं व्हावीत हे तत्त्व ठरून जातं. पुढच्या अर्जात फक्त वाट, मांडणी, आकारमान, रूप आणि हिरवळ यांतलं जे मागे ठेवलं असेल तेवढंच उरतं. दुसऱ्या अर्जावर ‘इथे घरंच नकोत’ म्हणणारी माणसं दरवेळी येतात आणि त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं. पहिल्याच अर्जाला उभे राहा.

इथे गावाला काही मिळवताही येतं. बिल्डरशी होणाऱ्या कलम १०६च्या करारात खेळाचं मैदान, पायवाट, शाळेसाठी निधी अशा गोष्टी मागता येतात, पण त्या त्या प्रकल्पातूनच उद्भवलेल्या गरजेच्या हव्यात. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये नव्या बांधकामावरचा पायाभूत सुविधा कर लागू आहे तिथे त्याचा १५ टक्के वाटा, ठरावीक कमाल मर्यादेत, पॅरिशला मिळतो. गावाने स्वतःची नेबरहुड प्लॅन, म्हणजे गावाची स्वतःची विकास योजना, मंजूर करून घेतली असेल तर २५ टक्के. ही योजना सार्वमताने मंजूर होते आणि मग अर्जांचा निकाल देताना ती विकास आराखड्याचा भाग मानली जाते. कम्ब्रियातल्या अप्पर इडनने २०१३ साली देशात पहिली अशी योजना सार्वमताने मंजूर केली.

गावाची खरी जाहीर सभा हवी असेल तर कायद्यात पॅरिश मीटिंग आहे. ती मतदारांची सभा, तिथे प्रत्येक मतदाराला बोलता आणि मत देता येतं. वर्षातून एक, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, घ्यावीच लागते. एरवी सहा मतदार मिळून ती बोलावू शकतात. तिथला ठराव कोणावर बंधनकारक नसतो, पण गावाचं मत तारखेसह नोंदलं जातं.

तुमचाच अर्ज असेल तर

भारतातून आई-बाबा सहा महिने येणार म्हणून तळमजल्यावर खोली आणि न्हाणीघर काढायचं, हा आपल्या घरांतला नेहमीचा अर्ज. अर्ज भरण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना नकाशे दाखवा. सभेला जा आणि प्रश्न आले तर उत्तरं द्या. अर्जदारालाही लोकांच्या वेळेत बोलता येतं. गाडी कुठे लागणार आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, ही दोन उत्तरं तयार ठेवली तर बहुतेक शंका तिथेच मिटतात.

टेबलाच्या पलीकडे

भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्याने इंग्लंडमध्ये वैध परवान्यावर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ भारतीयाला मतदार यादीत नाव घालता येतं. नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलात तरीही. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना असेल तर पॅरिश काउन्सिलची निवडणूकही लढवता येते. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं आणि पॅरिशच्या मतदार यादीत नाव हवं, किंवा पॅरिशमध्ये अथवा तिच्यापासून तीन मैलांच्या आत गेलं वर्षभर राहत असायला हवं. मधेच जागा रिकामी झाली तर क्लार्क नोटीस लावतो. दहा मतदारांनी १४ कामकाजी दिवसांत निवडणूक मागितली नाही तर काउन्सिल स्वतःच सदस्य निवडून घेते. अशा जागा गावोगावी रिकाम्या असतात. अर्जाचं स्वरूप बहुधा एक पानी पत्राचं असतं, आणि ते क्लार्ककडे द्यायचं असतं.